नीळ घातलेलं पांढरं

११ जानेवारी १९७२, मंगळवार

आज सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, शेवगावच्या पंचायत समितीच्या सभागृहात, एकोणीस दाया, तालुक्याचे डॉक्टर आणि दोन शिपाई यांच्या देखत माझी फजिती करण्यात आली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या तक्रार केली की कोणीतरी 'साधारण संध्याकाळच्या सुमारास' असं लिहिणार, आणि साधारण म्हटलं की गुन्हासुद्धा साधारण होतो.

फिल्म माझी. म्हणजे कल्पना माझी, मागे लागणं माझं, दोन वर्षं अर्ज करणं माझं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा रंग दायांनी कसा ओळखायचा, एवढंच तिच्यात आहे. गुलाबी बाळ चांगलं. ओठ-नखं निळी पडली तर धोका. पहिल्या दोन-तीन दिवसांत अंग पिवळं पडलं तर मोठा धोका, कारण निळं पोर आंधळ्यालाही कळतं आणि पिवळं कोणालाच कळत नाही. आमच्याकडे बाळंतिणीची खोली बंद, आत रॉकेलची चिमणी, बाळाच्या अंगाला तेल-हळद. पोर पिवळं की दिवा पिवळा हे कोण सांगणार? मी मेट्रन असताना अशी बाळं आठव्या-दहाव्या दिवशी आणायचे. काही गेली. काही राहिली, पण त्यांना पुढे ऐकू आलं नाही, मान धरता आली नाही. सरकार दायांना भिंतीवरचे तक्ते देतं, ते काळे-पांढरे. काळ्या-पांढऱ्या तक्त्यावर कावीळ दाखवणारा माणूस मला एकदा बघायचा आहे.

तर दिवे मालवले, मशीन फिरू लागलं, पडद्यावर पहिलं बाळ आलं. फिल्म मुकी आहे, बोलायचं मी. छडी घेऊन म्हटलं, "हे बाळ निरोगी आहे. रंग नीट बघून ठेवा." वळून पाहते तर बाळ आंबेहळदीसारखं. आई पिवळी, नर्स पिवळी, दवाखान्याची चुना दिलेली भिंत पिवळी. पुढचं बाळ खरोखर काविळीचं होतं, ते त्याहून जरा जास्त पिवळं, इतकंच.

मागच्या रांगेतून बोधेगावकडच्या वाडीची गोजरबाई म्हणाली, "मेटरनबाई, ही दोनी लेकरं जुळी हायेत का वो?" सगळ्या हसल्या. मी छडी आपटली तरी हसत राहिल्या. दिवे लागल्यावर डॉक्टर गर्जे, जे माझ्या भाच्याहून लहान आहेत आणि ज्यांना थट्टेखेरीज काही येत नाही, म्हणाले, "मॅडम, ह्या फिल्ममध्ये सगळ्या तालुक्यालाच कावीळ झालीय."

वीस मार्चपासून दायांचं शिबिर आहे. असं शिबिर पुन्हा कधी होईल हे आरोग्य खात्यालाही ठाऊक नसतं. फिल्म तोवर धड झाली नाही तर त्या बायका पुन्हा काळ्या-पांढऱ्या तक्त्यापुढे बसणार.

१२ जानेवारी

नगरच्या आरोग्य कार्यालयाला तक्रार लिहिली आणि सकाळच्या टपालात टाकली. तक्रार अजीज शेख याच्याविरुद्ध आहे. नगरला कापडबाजाराच्या मागे त्याचा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली त्यानं फिल्मचा कॅमेरा घेतला आहे आणि तेव्हापासून घरातही काळा चष्मा लावतो. त्याच्या दोन्ही मुली माझ्या हातावर जन्मल्या, म्हणून काम त्याला द्या असं मीच सुचवलं. चांगुलपणाचं फळ.

मी नोकरी सिस्टर म्हणून सुरू केली आणि मेट्रन म्हणून संपवली. तो अजून मला सिस्टर म्हणतो. हेही तक्रारीत लिहिणार होते, मग खोडलं.

ही त्याची पहिली चूक नव्हे. ऑक्टोबरात त्यानं पहिलं रीळ घेतलं ते सगळं निळं आलं. बाळ निळं, म्हणजे मेलेलं. तेव्हा हसत म्हणाला की ही फिल्म दिव्याच्या उजेडासाठी केलेली असते, उन्हात वापरायची तर पुढे बदामी काच लावावी लागते, ती लावायची राहिली. माणूस स्वतःच्या चुकीवर इतका प्रसन्न कसा राहू शकतो? पुन्हा घ्यायला आला तेव्हा काच आठवणीनं लावली, तीन वेळा मला दाखवली. आणि म्हणाला, या वेळी प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आपण एक पांढरी वस्तू दाखवू. मुंबईचा लॅबवाला आधी ती बघतो, ती पांढरी दिसेल अशा बेतानं सगळ्या रिळाचा रंग लावतो.

कल्पना बरी होती. पण त्यानं काढलेला पांढरा पुठ्ठा! कडा मळलेल्या, मध्ये चहाच्या कपाचं वर्तुळ. असला पुठ्ठा माझ्या वॉर्डात कोणी आणला असता तर त्याच्यासकट बाहेर काढला असता. मी पिशवीतून माझी कॅप काढली. निवृत्त झाले तरी दर शनिवारी ती धुते, खळ आणि नीळ घालते, इस्त्री करते. म्हटलं, पांढरं याला म्हणतात, हे दाखवा. तो म्हणाला, "सिस्टर, ही जरा..." मी म्हटलं, बोलू नका, कॅमेरा चालवा. चालवला.

म्हणजे पांढऱ्याचीही सोय मी करून दिली होती. तरीही हे!

२५ जानेवारी

कार्यालयाचा हुकूम आला. फिल्म शिबिरात दाखवू नये, आणि त्या स्टुडिओला यापुढे खात्याचं काम देऊ नये. तेरा दिवसांत उत्तर! पेन्शनच्या कागदाला यांना दोन वर्षं लागली होती. दुसऱ्याचं काम काढून घ्यायचं असलं की सरकारी हात किती चपळ होतो.

शिक्षा मीच मागितली होती, तेव्हा समाधान वाटायला हवं. पण फिल्मही गेली, हे मी मागितलं नव्हतं.

२९ जानेवारी, शनिवार

दुपारी अजीज आला. काळा चष्मा खिशात होता. दारात उभं राहून आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, त्याच्या बायकोनं, चांदबीनं, दिलेला शिरखुर्मा ठेवला. ईदेचाच होता, दुसऱ्या दिवशी पाठवल्याबद्दल तिनं माफी मागितली आहे. मग म्हणाला की खात्यानं काम काढलं ते ठीक, लग्नं आहेत, पोट चालेल. पण कॅमेऱ्याला दोष लागला ते त्याला सोसत नाही.

मी म्हटलं, कॅमेऱ्याला नाही, तुम्हाला लागला.

त्यानं घरात इकडेतिकडे पाहिलं. मग विचारलं, "सिस्टर, ती टोपी हाय का घरात?"

कॅप दोरीवर वाळत होती. आणून दिली. त्यानं स्वतःच्या पाकिटातून फोटोच्या कागदाचा एक कोरा तुकडा काढला, माझ्या पडवीत सावलीच्या उजेडात कॅपशेजारी धरला आणि म्हणाला, "आता बघा. कोणतं निळं दिसतंय?"

मी म्हटलं, कागद पिवळा आहे.

"कागद पिवळा न्हाई सिस्टर. टोपीत नीळ हाय."

अर्थातच नीळ आहे. नीळ नसेल तर कापड पांढरं कसं दिसेल? मिशनच्या शाळेत सिस्टर बर्नार्ड आम्हाला सांगायच्या, नीळ न घातलेला पेटीकोट हा आळसाचा पुरावा आहे. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो मान हलवत राहिला आणि मग अगदी हळू, लहान मुलीला समजावावं तसं म्हणाला की नीळ आपल्या डोळ्यांना फसवते, आणि डोळ्यांना फसायला आवडतं. कंदिलात बसा नाहीतर उन्हात, डोळा म्हणतो धोतर पांढरंच आहे. फिल्म तसं म्हणत नाही. लॅबवाल्यानं निळ्या टोपीला पांढरं मानलं, तिचा निळेपणा काढायला सगळ्या रिळावर पिवळं चढवलं. म्हणून बाळं पिवळी झाली.

मी विचारलं, मग त्या वेळी तोंड कुठे गेलं होतं?

म्हणाला, "तुमच्यापुढं कोनाचं चाललंय?"

ही माझी चूक आहे असं सुचवायला माणूस नगरहून एस्टीनं साठ-सत्तर किलोमीटर आला! शिरखुर्मा घेतला, कारण तो चांदबीचा होता. त्याला चहा दिला. पण मी म्हटलं की तक्रार मागे घेणार नाही.

जाताना सांगून गेला की मूळ फिल्म शाबूत आहे, मुंबईच्या लॅबात आहे. नुसती नवी प्रत काढायची, आणि लॅबवाल्याला सांगायचं, टोपी धरू नको, नर्सच्या हातातला कापूस धर. मी म्हटलं, भिंत का नको? म्हणाला, "भिंत नको. चुन्यात बी तुमी नीळ घातली असनार."

घातली होती.

३० जानेवारी, रविवार

चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर कॅप दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून पाहिली. दूध पिवळं दिसलं. म्हशीचं दूध असतंच जरा पिवळट.

मग साखरेशेजारी ठेवली. साखर रेशनची.

मग मिठाशेजारी. मीठ कोणत्या कारणानं पिवळं, हे सुचेना. कॅप घडी करून ट्रंकेत टाकली.

१६ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेतली. दरवर्षी उपवासकाळात काहीतरी सोडायचं म्हणून मी साखर सोडते, आणि फादर दरवर्षी म्हणतात की साखर सोडणं सोपं आहे. या वर्षी ठरवलं की जीभ आवरायची. ईस्टरपर्यंत कोणाला लागेल असं बोलायचं नाही.

संध्याकाळी शेजारच्यांची शेळी माझ्या कढीपत्त्यावर चढली. मी शेजाऱ्यांना काही बोलले नाही. शेळीला बोलले. शेळी मोजत नाहीत.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते, हात थकला आहे तरी.

सकाळी गोजरबाई दारात. पहाटेच्या गाडीनं आली होती. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. तिच्या वाडीत सहादेवच्या बायकोला, पुष्पावतीला, परवा पहाटे मुलगा झाला. पहिलं बाळंतपण. काल सकाळपासून पोर पिवळं वाटतंय, आज अंगावर नीट ओढत नाही. "मला कळंना. म्हनून आले."

काल सकाळपासून! मी विचारलं, कालच का नाही आलीस?

गोजरबाई कोणाला भिणारी बाई नाही. पन्नास वर्षांची, अख्ख्या वाडीची सुईण, माझ्या फिल्मला सर्वांत मोठ्यानं हसणारी. पण ती खाली बघून म्हणाली, "मेटरनबाई, तुमी पडद्यावर जे चांगलं लेकरू दावलं ते आसंच पिवळं हुतं. तुमी म्हनला, रंग नीट बघून ठेवा. मी ठेवला. मला वाटलं, मंग ह्ये बी चांगलंच. म्हनून येक दिस थांबले."

मी काही बोलले नाही. उपवासामुळे नव्हे.

डॉक्टर गर्ज्यांकडे जाऊन जीप मागितली. पुढच्या दौऱ्यासाठी तीत ते मशीन आणि पडदा भरून ठेवलेला होता. उतरवायला वेळ नाही म्हटल्यावर ते स्वतः गाडीत बसले. त्यांच्याविषयी मागे जे लिहिलं ते पूर्ण खरं नाही, एवढं इथे नोंदवते.

वाडीत धाब्याचं घर. आतली खोली अंधारी, चिमणीचा धूर, शेगडी. पुष्पावती बाजेवर, पोर हळदीत माखलेलं. मी बाळाशेजारी माझा रुमाल अंथरला, पांढऱ्यावर रंग कळतो म्हणून. चिमणीत बाळही पिवळं, रुमालही पिवळा, माझे हातही. म्हटलं, दाराशी न्या. तर सासू, बनुबाई, उंबऱ्यात आडवी बसली.

"पाचवी पुजल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर जायाचं न्हाई. सटवाई यायची हाय."

डॉक्टर तिला शास्त्र समजावू लागले. मी त्यांना थांबवलं. शास्त्रानं सासू उठल्याचं मी पाहिलेलं नाही. तिला विचारलं, बाळ बाहेर जाऊ नये, इतकंच ना? उजेड आत आला तर सटवाईची हरकत आहे?

बनुबाईनं विचार केला. "उजेडाचं कोन काय म्हनलं?"

"मग तिलाही लिहायला बरं पडेल."

गोजरबाईला हसू फुटलं. बनुबाईलाही फुटलं असतं, पण तिनं पदर तोंडाला लावला. सहादेव धाब्यावर चढला आणि उजेडासाठी ठेवलेल्या भोकावरची फरशी सरकवली. माती पडली, मग ऊन पडलं, हातभर रुंद, बरोबर बाजेवर. बाळ थेट उन्हात न ठेवता कडेला घेतलं. गोजरबाईनं तेलाच्या बोळ्यानं छातीवरची हळद पुसली, मी पिशवीतला कापूस काढून रुमालावर ठेवला.

रुमाल माझा. शनिवारी धुतलेला, नीळ घातलेला. त्यावर कापूस. त्या उजेडात दोन्ही शेजारी शेजारी पडले होते. एक पांढरं होतं आणि एक पांढरं नव्हतं. अजीज खोटं बोलला नव्हता.

रुमाल काढून घेतला. कापूस बाळाच्या छातीशी धरला, अंगठ्यानं कातडी दाबून सोडली. दाबलेली जागा गुलाबी-पांढरी व्हायला हवी. पिवळी झाली. पोटावर पिवळी, मांडीवर पिवळी, गुडघ्याखालीही. मी गोजरबाईचा अंगठा धरून तिच्याकडून दाबवलं. मग बनुबाईला बोलावलं. तिनं वाकून पाहिलं, कापसाकडे पाहिलं, स्वतःचा अंगठा लावला. परत दाबलं. मग उठली आणि कोपऱ्यातलं गाठोडं बांधायला लागली.

डॉक्टरांनी विचारलं, काय करताय आजी?

"पाचवी नगरला पुजू," ती म्हणाली. आणि मला, "दवाखान्यात पाटा आसतोय का? का हितलाच घिऊ?"

पाटा घेतला. जीपमध्ये मागे पडद्याची गुंडाळी, मशीन, पाटा-वरवंटा, बाळंतीण, सासू, सहादेव आणि गोजरबाई. मी पुढे, बाळ मांडीवर. पाथर्डीच्या अलीकडे ते रडायचंही थांबलं. मी तळपायाला टिचक्या मारत राहिले.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब आत घेतलं. रक्त बदलावं लागेल म्हणाले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पिवळेपणा पहिल्यांदा कधी दिसला? गोजरबाई सांगणार होती. मी आधी म्हटलं, काल सकाळी. एवढंच.

१९ फेब्रुवारी

रात्रीत रक्त बदललं. बाळ आहे. ऐकू येईल की नाही, मान धरेल की नाही, हे कळायला महिने लागतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एक दिवस आधी आलं असतं तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणायची गरज नव्हती.

गोजरबाई जिन्याखाली बसली आहे. घरी जा म्हटलं तर जात नाही.

कापडबाजाराच्या मागे गेले. अजीज दुकानात एका नवरदेवाचा फेटा सरळ करत होता. तो फोटो होईपर्यंत मी बाकावर थांबले. मग विचारलं, नवी प्रत किती दिवसांत होईल? त्यानं लगेच सांगितलं, खात्याचा कागद मिळाला तर तो स्वतः मुंबईला जाईल, लॅबवाल्याच्या शेजारी बसून कापूस दाखवील, शिबिराआधी आणील. पण कागदाशिवाय लॅब मूळ फिल्मला हात लावणार नाही, आणि खात्याचा कागद त्याच्या नावानं आता निघणार नाही.

मी म्हटलं, कागदाचं मी बघते.

तो टोपीबद्दल काही बोलला नाही. मीही नाही. पण निघताना म्हणाला, "सिस्टर, चष्मा बदलला का? आज बऱ्या दिसताय." असल्या माणसाशी कोण भांडणार?

२३ फेब्रुवारी

परवा शेवगावला परत आले. पाचवी वॉर्डातच झाली. पाट्याची पूजा खाटेखाली, नर्सनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी असते तर ओरडले असते. बाळ अंगावर ओढतंय. बनुबाईनं विचारलं की सटवाईनं काय लिहिलं असेल. मी म्हटलं, मला वाचता येत नाही तिची अक्षरं.

फिल्म पाहिलेल्या आणखी अठरा दाया आहेत. त्यांनीही रंग नीट बघून ठेवलेला आहे. काल मी जवळच्या दोन गावांना एस्टीनं जाऊन दोघींना सांगून आले की मी दाखवलं ते चूक होतं. एक म्हणाली, अवो आमाला तवाच कळलं. दुसरी काही म्हणाली नाही, नुसती बघत राहिली. त्या दुसरीची मला भीती वाटते. आणि बाकीच्या सोळा गावांपैकी निम्म्यांना गाडी जात नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी कॅप धुतली नाही. त्याऐवजी हे लिहिलं. पाठवण्याआधी प्रत इथे उतरवून ठेवते. चार वेळा लिहून फाडलं, ही पाचवी.

मा. अधिकारी, आरोग्य कार्यालय यांस,

दि. १२ जानेवारीच्या पत्रानं मी अजीज शेख यांच्या स्टुडिओविरुद्ध तक्रार केली होती. ती तक्रार मी मागे घेत आहे. फिल्मचा रंग बिघडला त्याचं कारण त्यांचं काम नव्हे. रंग जुळवण्यासाठी रिळाच्या सुरुवातीला जी पांढरी वस्तू दाखवली ती मी दिली होती, त्यांनी नको म्हटलं असताना मी दिली होती, आणि ती पांढरी नव्हती. ती स्वच्छ होती, याबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे.

आपण तेरा दिवसांत एका माणसाचं काम काढून घेतलंत. त्याला काहीही न विचारता. मी सांगितलं म्हणून काढलंत, तर आता मी सांगते म्हणून परत द्या.

मूळ फिल्म चांगली आहे. तिची नवी प्रत काढण्याचा आदेश त्यांच्या नावानं तातडीनं द्यावा, म्हणजे ती वीस मार्चच्या शिबिरात दाखवता येईल. हाती असलेली प्रत कोणालाही, कोणत्याही कारणासाठी दाखवली जाऊ नये. ती पिवळी आहे हे पाहून आपल्या कार्यालयातले लोक हसले असं ऐकते. आम्हीही हसलो होतो.

हसणं पुरेसं नाही हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. त्या सभागृहात बसलेल्या एका सुईणीनं मी दाखवलेला रंग खरा धरला, आणि काविळीचं बाळ निरोगी समजून एक दिवस घरात ठेवलं. ते बाळ आज नगरच्या दवाखान्यात आहे. त्याच्या कानांचं काय झालं हे आपल्याला आणि मला पावसाळ्यात कळेल. दोष तिचा नाही. तिला जे शिकवलं ते तिनं केलं, आणि शिकवलं मी. अशाच सोळा दाया अजून तालुक्यात आहेत, ज्यांना मी गाठू शकलेले नाही. त्यांच्या गावी जाण्यासाठी मला चार दिवस जीप हवी आहे. डॉक्टर गर्जे जीप द्यायला तयार आहेत, त्यांना आपली परवानगी हवी. शिबिरापर्यंत थांबता येणार नाही. बाळं शिबिर बघून जन्मत नाहीत.

तक्रार मागे घेणं, नवी प्रत आणि जीप, या तिन्हींबद्दल मला शनिवार, दि. ४ मार्च, दुपारी बारा वाजेपर्यंत लेखी उत्तर हवं. शिपायाबरोबर 'बघतो' असा निरोप, किंवा साहेब दौऱ्यावर आहेत हे वाक्य, उत्तर समजलं जाणार नाही. उत्तर न आल्यास त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मी नगरला आपल्या कार्यालयात येईन. गोजरबाई माझ्याबरोबर येईल. ती एक दिवस का थांबली, हे ती आपल्यापुढे उभी राहून आपल्याला सांगेल, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय आम्ही दोघी उठणार नाही.

एस्तेर पठारे
निवृत्त मेट्रन
शेवगाव